नानांनी लावून ठेवलेला उजेड

सकाळी साडेसातच्या सुमारास शालनवहिनींचा फोन आला तेव्हा मी चहाला आधण ठेवत होते. वहिनी स्वतःहून कधी फोन करत नाहीत. त्यांचे यजमान नाना फोनवर बोलत असले की मागून काहीतरी ओरडून सांगायचं, एवढाच त्यांचा आणि फोनचा संबंध. "बाई, ह्ये गेलं," त्या म्हणाल्या. आवाजात रडं नव्हतं, धाप होती. "गोठ्यात. पहिल्या म्हशीची धार काढून झालती, दुसरीला बसलं आन् तितंच कलंडलं. डाक्टर यून बघून गेलं..." मी आधणाखालचा गॅस बंद केला. फोनमध्ये मागे बायकांचे आवाज येत होते, कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मग वहिनी पुन्हा म्हणाल्या, "बाई, तुमचं नाटक लॅपटॉपात लावून ठिवलंय त्यांनी. पंखा नुस्ता घुमतोय त्याचा. बंद करू का ऱ्हाऊ दे?"

मी म्हटलं, राहू द्या. दुसरं काय म्हणणार होते? आमच्या नाटकाचा प्रयोग बरोबर चार आठवड्यांवर आला होता. सगळ्या नाटकाचा प्रकाश ठरवून झाला होता, शेवटचा प्रवेश तेवढा संगणकावर उजळून पाहायचा राहिला होता, आणि तो उजळायला लावून माणूस धार काढायला गेला होता. त्या सकाळपासून प्रयोगाच्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की नानांनी या नाटकासाठी योजलेला प्रकाश आता लोकांना दिसणार की नाही. तसं काही दिवंगत माणसाला वचनबिचन दिलेलं नव्हतं. पण चाळीस वर्षं ज्याच्या उजेडात आपण वावरलो, त्याचं शेवटचं काम एका लॅपटॉपात बंद होऊन पडावं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

नाना म्हणजे रंगराव. कसबा बावड्यात घर, घरामागे गोठा, गोठ्यामागे दीड एकर ऊस. नोकरी साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात, आणि उरलेला सगळा जीव आमच्या हौशी नाटकमंडळीत. मी शाहूपुरीतल्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होते, त्यामुळे माझ्याहून चार वर्षांनी मोठे असूनही नाना मला पहिल्या दिवसापासून 'बाई'च म्हणाले. मी पहिलंच नाटक बसवत होते. चार पुस्तकं वाचून आलेली असल्यामुळे अंगात वारं होतं. शिडीवर चढलेल्या नानांना मी खालून ऐटीत सांगितलं, "मला इथे विषण्ण निळा प्रकाश हवा आहे." नाना वरूनच म्हणाले, "बाई, विषण्ण माज्याकडं न्हाय. निळा हाय. त्यो पायजे तर लावतो." सगळी मंडळी हसली. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी लावलेला निळा पाहिला आणि मुकाट्याने बोलायला लागले.

रंगांची नावं त्यांची स्वतःची होती. अंबर, मॅजेंटा असले शब्द त्यांना ठाऊक होते, पण ते वापरायचे नाहीत. पिवळ्यातले प्रकार म्हणजे कच्चा गूळ, पक्का गूळ आणि करपलेला गूळ. पांढऱ्यातले दूध, ताक आणि निवळी. हिरवट झाक आली की हुरडा. दिवेसुद्धा निम्मे घरचेच. पंधरा किलो तेलाचे रिकामे डबे कापून, आतून घासूनपुसून, त्यात दिवा बसवून ते 'डबा' तयार करायचे, आणि विकतच्या दिव्यांच्या शेजारी दांडीला टांगायचे. डबे अर्थात वहिनींच्या स्वयंपाकघरातले. पीठ ठेवायला म्हणून त्यांनी जपून ठेवलेला डबा एखाद्या सकाळी गायब झालेला असे आणि संध्याकाळी तो आमच्या डोक्यावर लटकत असे.

हौशी नाटकाची अडचण ज्यांनी ती केली आहेत त्यांनाच कळेल. तालीम कुठल्यातरी शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला लावून. खरा रंगमंच हाती येतो तो प्रयोगाच्या दिवशी दुपारी. त्यात नेपथ्य उभं करायचं, पडदे बांधायचे, आणि मग शेवटच्या तासाभरात प्रकाशाच्या माणसाने घोड्यावर, म्हणजे उंच उभ्या शिडीवर, चढून वीस-पंचवीस दिवे फिरवायचे. खालून मी ओरडणार, "डावीकडे, अजून डावीकडे, नको, पुन्हा उजवीकडे!" नाना साठीला आले, गुडघे बोलायला लागले, आणि एक दिवस वहिनींनी जाहीर केलं की आता घोड्यावर चढलात तर उतरवायला मी येणार नाही. आमचं मंडळ तेव्हाच बसलं असतं. पण त्याच सुमाराला नाना निवृत्त झाले, शाहूपुरीतल्या एका दुकानातून जुना लॅपटॉप घेऊन आले, आणि महिन्याभराने मला बोलावून म्हणाले, "बाई, आता घोड्यावर चढायच्या आधीच सगळं ठरवाय येतंय. बसा हितं."

पडद्यावर एक रिकामा रंगमंच होता. वर दांड्या, दांड्यांना दिवे. एका दिव्यावर बोट ठेवून नानांनी त्याचा कोन बदलला, रंग दिला, तेज कमी-जास्त केलं, आणि खालच्या जमिनीवर उजेडाचा गोल सरकत गेला. रंगमंचाच्या मध्यभागी एक बिनचेहऱ्याचं माणूस उभं होतं, त्याच्या खांद्यावर तो उजेड पडला. "हे असं सगळं नाटक लावून बघायचं," नाना म्हणाले. "मग नीट चित्र काढून देतंय त्ये. येळ लागतो, पर देतंय." मला हे सगळं फार महागडं वाटलं. नाना म्हणाले, विकतचं असतं तर वाऱ्यालाही उभं राहता आलं नसतं, हे फुकट आहे. जगभरातली माणसं आपापली कामं सांभाळून हे बनवतात आणि कुणीही घ्या म्हणून ठेवून देतात.

"फुकट? मग यात काहीतरी गोम असणार," मी म्हटलं.

"भंडाऱ्याला जेवतासा न्हवं बाई? डाळ कुणाची, तांदूळ कुणाचं, इचारता काय? पोटभर जेवायचं. आन् हात मोकळं असलं की वाढाय उभारायचं."

त्यांना त्या सॉफ्टवेअरची आणखी एक गोष्ट आवडली होती. त्याच्या आत काय चाललं आहे ते कुणालाही उघडून पाहता येतं, आणि जमत असेल तर दुरुस्तही करता येतं. नानांना बंद वस्तूचा मनापासून तिटकारा होता. कारखान्यात काय आणि घरात काय, स्क्रू दिसला की ते उघडणार. आतलं सगळं कळायचं असंही नाही, पण उघडता येतंय एवढ्यानेच त्यांचं समाधान व्हायचं.

चित्र तयार व्हायला वेळ लागायचा तो अगदी खराच. लॅपटॉप म्हातारा, प्रवेशात दिवे पंचवीस. नानांनी त्याचा हिशेब म्हशींशी जुळवून घेतला होता. सकाळी उठायचं, आदल्या दिवशी ठरवलेला प्रवेश रेंडरला, म्हणजे चित्र काढायला, लावायचा आणि गोठ्यात जायचं. दोन म्हशींची धार काढून, दूध डेअरीला घालून, हातपाय धुऊन आलं की चित्र तयार. तिसरी म्हैस घ्या म्हणून वहिनी मागे लागल्या होत्या तेव्हा नाना म्हणाले होते, "नगं, मग रेंडर थांबून ऱ्हाईल."

आणि टायपिंग वहिनींचं! हे मला फार उशिरा कळलं, याची लाज वाटते. नाना एका बोटाने अक्षरं शोधत बसायचे. वहिनींनी लग्नाआधी शाहूपुरीत इंग्रजी टायपिंगचा क्लास केला होता, परीक्षाही दिली होती, आणि मग लग्न होऊन त्या बोटांनी तीस-पस्तीस वर्षं म्हशींच्या धारा काढल्या. नानांची ती शोधाशोध बघवेना म्हणून एक दिवस त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. त्यानंतर सकाळच्या चहाला नाना सांगायचे आणि वहिनी मारायच्या. मी कधी गेले तर त्या उठून चहा ठेवायला आत जायच्या, आणि मला वाटायचं, बिचाऱ्यांना या सगळ्यात काय रस असणार.

एक एक सभागृह दोघांनी मिळून मोजून काढलं. जिल्ह्यात जिथे जिथे नाटक होतं तिथे तिथे सकाळी मोटारसायकलवरून जायचं, रखवालदाराला गोड बोलून दार उघडून घ्यायचं, आणि टेप लावायची. एक टोक नानांच्या हातात, दुसरं वहिनींच्या. दांडीची उंची, रंगमंचाची खोली, मध्येच येणारा खांब, पडद्याचा विटलेला काळा रंग... सगळं वहीत आणि वहीतून लॅपटॉपात. गारगोटीच्या हॉलमध्ये उजव्या कोपऱ्यातली फरशी बोटभर खचली आहे, हेसुद्धा त्यांच्या नकाशात आहे. वहिनींनी अशी सगळी सभागृहं पाहिली होती, पण रिकामी आणि दिवसाउजेडी. प्रयोग मात्र एकही पाहिलेला नव्हता. नाटकाची वेळ आणि म्हशींच्या सांजच्या धारेची वेळ एकच. नाना नाटकाला गेले की धार वहिनींकडे.

सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. संगणकावर ठरवलेल्या पहिल्याच नाटकाला आमची फजिती झाली आणि तिला निम्मी मी जबाबदार होते. नानांनी संगणकावरून काढलेलं चित्र मला दाखवलं. खिडकीतून उजेडाचे पट्टे आत आलेत, अगदी हात लावावा इतके स्पष्ट, आणि त्या पट्ट्यांत नायक उभा आहे. मी वेडी झाले. सगळ्या मंडळींना ते चित्र दाखवलं, नायकाला सांगितलं की तू त्या पट्ट्यांकडे बघून बोल. गारगोटीला प्रयोग लागला. पडदा वर गेला, दिवे लागले, आणि पट्टे कुठेच नाहीत. जमिनीवर उजेड पडलेला आहे, मधल्या हवेत काही नाही. नायक नसलेल्या पट्ट्यांकडे भक्तिभावाने बघत बोलतोय. पडदा पडल्यावर मी सगळ्यांसमोर नानांना नाही नाही ते बोलले. ते डोकं खाजवत उभे होते. दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "बाई, घावलं. त्या सॉफ्टवेअरात धुकं आपसूक चालू असतंय. पट्टं दिसत हुतं ते धुक्यामुळं. आपल्या हॉलात कुठलं धुकं?"

प्रकरण तिथे संपलं असतं तर बरं. पुढचा प्रयोग स्पर्धेतला होता, त्याला नानांनी धुक्याची सोय केली. गोठ्यात माश्या-डासांसाठी जो धूर करतात तोच. घमेल्यात शेणी पेटवून, वर ऊद टाकून, ते घमेलं त्यांनी खिडकीच्या नेपथ्यामागे ठेवलं. पट्टे आले. काय आले म्हणून सांगू! प्रेक्षागृहात "आहाहा" झालं. आणि मग नायकाला ठसका लागला, मला लागला, पहिल्या रांगेतले दोघे उठून दाराकडे निघाले, आणि सगळ्या हॉलभर गोठ्याचा वास पसरला. नाटक होतं मुंबईतल्या एका वकिलाच्या घरातलं. परीक्षकांनी नंतर लिहिलं की ग्रामीण वातावरणनिर्मिती प्रभावी, परंतु संहितेशी विसंगत. नानांनी तो कागद कितीतरी दिवस पाकिटात ठेवला होता. 'प्रभावी' हा शब्द तेवढा दाखवायचे.

हात मोकळे झाले की वाढायला उभं राहायचं, हे मात्र त्यांनी खरं केलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये जगातल्या निरनिराळ्या कंपन्यांचे दिवे आयते दिलेले आहेत, पण तेलाचा डबा कुठून असणार? नानांनी आपला डबा भिंतीसमोर धरून, हातभर हातभर मागे सरकत, उजेड किती रुंद पडतो, कडेला किती फिकट होतो याची मापं घेतली. वहिनींनी ती इंग्रजीत टाइप केली आणि ज्या लोकांनी ते बनवलंय त्यांना पाठवली. तिकडून विचारणा आली की बनवणारी कंपनी कोणती आणि मॉडेल कोणतं. नानांनी मॉडेल सांगितलं 'पंधरा', कारण डबा पंधरा किलोचा. कंपनी म्हणून काय टाइप करू, असं वहिनींनी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "शालन लिव. डबं तुजं हायत." तेव्हापासून त्या यादीत, बड्या बड्या नावांच्या मध्ये, 'शालन पंधरा' आहे. काही महिन्यांनी कुठल्याशा लांबच्या देशातल्या एका शाळामास्तरांनी त्यांच्या मुलांच्या नाटकाचं चित्र पाठवलं. त्यांनी तसेच डबे कापून केले होते. नानांनी ते चित्र छापून आणून सगळ्या गल्लीत फिरवलं. वहिनी पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "काय बाई माणूस, माजं नाव कुठं टांगून ठिवलंय!"

नाना गेले त्याच्या आठवडाभर आधी मी बावड्याला गेले होते. ती शेवटची भेट. आमचं नवं नाटक दोन बहिणींचं. शेवटच्या प्रवेशात धाकटी घर सोडून गेलेली असते आणि थोरली खिडकीशी उभी राहून बारा ओळी बोलते. थोरलीचं काम माझं. नानांच्या मनात त्या खिडकीसाठी एक ठरावीक उजेड होता. कारखान्यात वजनकाट्याशेजारी एक लहान खोली होती, तिच्या खिडकीतून हंगामात दुपारी चारला जो उजेड यायचा तो. "धूळ, उसाच्या पाचोळ्याचा कचरा आन् उतरतं ऊन," ते म्हणाले. "तितं बसलेला माणूस कसाबी असू दे, त्या टायमाला चांगला दिसायचा." तो उजेड सावकाश वाढत जाणार होता. मी भांडले. म्हटलं, पहिल्या ओळीपासून माझा चेहरा दिसला पाहिजे, मी काय रेडिओवर बोलतेय? नाना ऐकेनात. "आधी बोला बाई, मग दिसा." मी रागारागाने चहा न घेता उठले. रिक्षात बसल्यावर पाहिलं तर नाना फाटकाशी उभे राहून हात हलवत होते. मी हलवला नाही... आता त्याला इलाज नाही.

तेराव्यानंतर मंडळाची बैठक झाली. आमचा व्यवस्थापक दिगंबर म्हणाला, प्रयोग पुढे ढकलता येणार नाही, तेव्हा जनरलवर करू. म्हणजे सगळे दिवे सरसकट लावायचे आणि नाटक करायचं. मी म्हटलं, तसं करायचं तर मी काम करणार नाही. दिगंबर चिडला, पण समजूतदार आहे. त्याने कोल्हापुरातल्या एका चांगल्या प्रकाशयोजनाकाराला विचारलं आणि आम्ही तिघं बावड्याला गेलो. त्या गृहस्थांनी लॅपटॉप उघडला, सॉफ्टवेअर त्यांना परिचयाचं होतं, दिवे दिसले, दांड्या दिसल्या. मग त्यांनी टिपणं उघडली आणि थांबले. तिथे लिहिलं होतं, 'धाकटी रुसते. निवळीतनं ताक. बाईंनी पाणी पिल्यावर पक्का गूळ, उतू जाऊ देऊ नये.' असं सगळं नाटकभर. ते गृहस्थ भले होते. म्हणाले, "मी माझ्या पद्धतीनं करून देईन, पण हे त्यांचं नसेल." तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे ठेवत म्हणाल्या, "उतू जाऊ दिऊ नये म्हंजे उजेड सत्तर टक्क्याच्या वर न्यायचा न्हाय. मीच लिवलंय की त्ये."

आम्ही तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्या घरी चहा प्यायले होते मी, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं असेन. "वहिनी, तुम्ही चालवाल?" मी विचारलं. त्या घाबरल्या. म्हणाल्या, मी कधी नाटक बघितलं नाही, सांजच्या धारेचं काय, लोक काय म्हणतील, अजून महिना झाला नाही. मग थोड्या वेळाने आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "धारंला जाऊबाईस्नी सांगाय येईल म्हणा." त्या गृहस्थांनी दिव्यांचं तेज कमी-जास्त करणाऱ्या डिमरला लॅपटॉपची जोडणी कशी करायची ते त्यांना दाखवलं, प्रयोगाच्या दिवशी घोड्यावर चढून नकाशाप्रमाणे दिवेही त्यांनीच लावून दिले, आणि एक पैसा घेतला नाही.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी आम्ही रंगीत तालीम सुरू केली. वहिनी प्रेक्षागृहाच्या मागच्या टेबलाशी, लॅपटॉपसमोर, पदर खांद्यावरून घट्ट घेऊन बसलेल्या. एक एक प्रवेश उजळत गेला. सगळं नानांचं होतं, कुठे गूळ आणि कुठे ताक ते मलासुद्धा ओळखू यायला लागलं. मग शेवटचा प्रवेश आला. नानांच्या नकाशात माझी जागा खिडकीपासून चार फुटांवर गोल करून दाखवली होती. मी ती टेपने मोजून घेतली, खडूने खूण केली आणि त्या खुणेवर पाय रोवून उभी राहिले. इथे सांगायला हवं की जागा सांभाळण्याबद्दल माझा लौकिक होता, म्हणजे मी तरी तसं समजत होते. नाना सगळ्या नटांना मागून ओरडायचे, "जागा सोडू नगा!" मला चाळीस वर्षांत एकदाही ओरडले नाहीत. शिबिरांमधून मी नव्या मुलींना हे अभिमानाने सांगत आले आहे.

मी बारा ओळी बोलले. उजेड आला, सावकाश वाढला, आणि माझ्या डावीकडे, जिथे कुणीच नव्हतं तिथे, छान पसरून राहिला. माझ्या वाट्याला फक्त त्याची कड. दिगंबर म्हणाला, फायलीत चूक आहे. मी ओरडले, "वहिनी, उजेड जरा माझ्याकडे घ्या!"

"न्हाय बाई. बराबर हाय त्यो."

"अहो, बरोबर कसा? मी अंधारात आहे!"

मग वहिनी म्हणाल्या, "तुम्ही आज खुणंवर उभारलाय म्हणून."

दिगंबर हसला. मी खाली उतरून टेबलाशी गेले. वहिनींनी पडद्यावर तो प्रवेश वरून पाहिल्यासारखा करून दाखवला. गोल जिथे होता तिथेच होता, आणि बाहुलीसारखं ते माणूस, त्यावर 'बाई' असं नाव, गोलापासून चांगलं एक फूट डावीकडे उभं होतं. मग त्यांनी मागची नाटकं उघडली. एकामागून एक. सगळीकडे मी गोलाच्या बाहेर, एक फूट डावीकडे, आणि सगळीकडे उजेड माझ्यावर. "ह्ये म्हणायचं," वहिनी खाली बघत म्हणाल्या, "बाई मनापास्नं बोलाय लागल्या की डाव्या पायावर भार देत्यात आन् सरकत्यात. खोटं बोलताना जाग्यावर असत्यात. त्यास्नी सांगू नगंस. सांगितलं तर ध्यान पायात जाईल, बोलण्यात ऱ्हाणार न्हाय. आपण उजेड सरकवू."

आधी मला राग आला, खोटं कशाला सांगू. चाळीस वर्षांचा लौकिक एका फुटात गेला. मग मेकअपच्या खोलीत जाऊन मी दार लावून रडले. नाना गेल्यावर मी रडलेच नव्हते, इतकी त्यांच्या फायलीच्या मागे लागले होते. शेवटी वहिनी दाराशी आल्या. त्यांचाच चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "मी सांगाय नगं हुतं बाई. आता तुमचं ध्यान पायातच जाणार. त्येंचा उजेड वाया जाईल माज्यामुळं." मलाही तीच भीती होती. मुद्दाम एक फूट सरकून उभं राहणं काही अवघड नव्हतं. पण तसं केलं तर ते खोटंच, आणि ते नाना ओळखायचे.

प्रयोग सुरू झाला. दोन अंक माझं सगळं लक्ष पायांत. डावा पाय कुठे, उजवा कुठे, भार कुठे. एका ठिकाणी वाक्य विसरले, धाकटीने सांभाळून घेतलं. शेवटचा प्रवेश आला तेव्हा मी खुणेवर जाऊन उभी राहिले आणि मनात म्हटलं, नाना, आता काय होईल ते होवो. पहिली ओळ अंधारात बोलले. दुसरी बोलताना खिडकीत उजेड येऊ लागला, उतरत्या उन्हाचा, जरा धुळकट. नानांनी सांगितलेली काट्याशेजारची खोली मी कधी पाहिलेली नाही, पण ती हीच असणार हे कळलं. थोरली धाकटीला विचारत असते की जाताना मागे वळून का नाही पाहिलंस. ही ओळ मी शंभर वेळा बोलले असेन. त्या दिवशी ती बोलताना मला फाटकाशी उभे राहिलेले नाना दिसले, आणि पुढच्या ओळी कशा गेल्या ते मला सांगता येणार नाही. बारावी ओळ संपली तेव्हा माझ्या चेहऱ्याला ऊन लागत होतं. दोन्ही गालांना.

लोक पांगल्यावर मी मागे गेले. वहिनी वायरी गुंडाळत होत्या, पंजा आणि कोपर यांच्याभोवती, एकावर एक घट्ट. मी विचारलं, "सरकले का हो मी?"

"मग? चांगल्या दिसलासा की."

"कधी सरकले?"

"चौथ्या वळीला." वायरीचं टोक आत खोचून त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली. "ह्ये कायम पाचवी म्हणायचं. चुकत हुतं त्येंचं, आज मी सोता बघितलं की. घरी जाऊन तेवढं लिवून ठिवते."